संस्थापकांच्या फोटोखालचा आलेख

मोठे सर आमच्या घरी एकदाच आले होते. मी बारावी झाले तेव्हा. माझे वडील येरमाळ्याजवळ हायवेवरच्या ढाब्यावर भट्टीत रोट्या भाजतात. त्या दिवशी ते रजा काढून घरी होते, कारण मला बघायला पाहुणे येणार होते. पाहुण्यांच्या आधी मोठे सर आले. बाजेवर टेकले आणि वडिलांना म्हणाले, "हिला धाराशिवला कॉलेजात घाला. लग्न कुठं पळून जात नाही." वडिलांनी मान हलवली. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत मिळून पहिली पदवी मला मिळाली, ती त्या एका वाक्यामुळं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं तेही मोठ्या सरांनीच केलं.

मोठे सर म्हणजे आमच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा एका खासगी संस्थेची आहे. माझी आई त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी पदवी घेऊन परत आले तेव्हा सरांनी मला तिथंच तासिकेवर घेतलं. तासिकेवर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, आणि सुट्टीत तेही नाही. मला तक्रार नव्हती. ज्या बाकावर बसून मी शिकले त्याच्यासमोर उभं राहून शिकवायला मिळत होतं.

मी नववीला संगणक शिकवत होते. पायथन भाषेत चित्रं काढायची एक सोय आहे. पडद्यावर एक छोटं कासव येतं, त्याला आकडे सांगितले की ते त्या जागी चालत जातं आणि मागं रेघ सोडतं. पडद्याच्या बरोबर मधोमध शून्य-शून्य. उजवीकडं आणि वर अधिक, डावीकडं आणि खाली उणे. गणितात आलेख म्हटला की मान खाली घालणारी पोरं कासवासाठी एकमेकांना ढकलून पुढं यायची. "मॅडम, माझं कासव भिंतीत घुसलं!" असा आरडाओरडा चालायचा. शेजारच्या वर्गातून गुरुजी तक्रार घेऊन यायचे आणि दारात उभे राहून स्वतःच बघत बसायचे.

एके दिवशी मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं की संगणक शिक्षकाचं पूर्णवेळ पद भरायचं आहे. अध्यक्षांसमोर पाठ घ्यावा लागेल.

"आणि माझी तासिका, सर?"

"पद भरलं की तासिका बंद. एका शाळेत दोन-दोन संगणकवाले ठेवून काय करायचं?" सर हसले. "तू कशाला घाबरतीस? तुझ्याइतकं चांगलं शिकवणारं हाय का कुणी?"

मी ते उत्तर होकार म्हणून घेतलं. म्हणजे गोष्ट सरळ होती. पद मिळालं तर मी त्या शाळेत कायमची, नाही मिळालं तर उद्यापासून शाळेच्या बाहेर. मधला रस्ता नव्हता. आईला सांगितलं तर तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि येडेश्वरीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले.

"कायम म्हंजी, पगार सुट्टीत बी?"

"सुट्टीत बी."

"मंग नीट कर पोरी. सर म्हनतील तसं कर. उलटं बोलू नगं कुणाला."

पाठासाठी मी कासवाच्या मागं आलेखाचा कागद लावायचं ठरवलं. बारीक चौकटींचं चित्र तयार केलं, दोन्ही अक्षांवर आकडे घातले, आणि ते पडद्याची पार्श्वभूमी म्हणून जोडलं. कासव शून्यावर उभं राहिलं आणि चित्रातल्या दोन जाड रेघा बरोबर त्याच्या पोटाखाली एकमेकींना छेदत होत्या. कासवाला सांगावं तीन घरं उजवीकडं, दोन वर, आणि त्यानं नेमकं त्या छेदावर जाऊन थांबावं. मी ते सरांना दाखवलं.

सरांनी पाहिलं. मग म्हणाले, "फोटो कुठाय?"

आमच्या शाळेत प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर एक पट्टी असते. तीत डाव्या बाजूला संस्थापकांचा फेट्यातला फोटो, शेजारी संस्थेचं नाव. पचनसंस्थेच्या तक्त्यावर असते, पाढ्यांच्या तक्त्यावर असते, खिचडीच्या खोलीतल्या 'हात धुवा' या तक्त्यावरही असते. नवा तक्ता पट्टीशिवाय भिंतीला लागत नाही. संस्थापक आता हयात नाहीत. अध्यक्ष त्यांचे चिरंजीव.

"पडद्यावर पण लागतो का सर?"

"अध्यक्ष समोर बसणार. तूच विचार कर."

मी पट्टी जोडली. तीन चौकटी उंचीची पट्टी चित्राच्या वर चिकटवली, चित्र पुन्हा लावलं आणि कासव चालू केलं. कासव अक्षांचा छेद सोडून दीड घर वर उभं होतं, दोन रेघांच्या मध्ये. शून्य-शून्य सांगितलं तरी तिथंच. पाच-पाच सांगितलं तर तेही दीड घर वर. जिथं जाईल तिथं ते छेद चुकवून दोन आडव्या रेघांच्या मधोमध बसत होतं.

मला काही कळेना. आधी वाटलं आकडे चुकले. सगळे तपासले. मग एक पळवाट काढली. कासवाला दिलेल्या प्रत्येक वर-खालच्या आकड्यातून दीड घर गुपचूप वजा करायचं. चित्र जुळलं. पण पाठात पोरं स्वतः येऊन आकडे टाकणार होती, आणि त्यांना ते दीड घर मी कसं समजावणार होते? आलेख शिकवायचा आणि आलेखातच खोटं बोलायचं, हे मला जमलं नसतं.

रविवारी दुपारी मी ते चित्र छापून आणलं आणि ओट्यावर बसून कागद मधोमध दुमडला. घडी अक्षाच्या रेघेवर पडली नाही, वर पडली. तेव्हा उमगलं. पडद्याला आलेखाचा मध्य माहीत नसतो, चित्राचा मध्य माहीत असतो. चित्र जेवढं आहे तेवढं सगळं मोजून तो त्याच्या मधोमध शून्य ठेवतो. डोक्यावर तीन घरांची पट्टी आली की मध्य दीड घर वर सरकतो. मी तेवढ्याच उंचीचा कोरा कागद कापून खालच्या बाजूला चिकटवला आणि पुन्हा दुमडलं. घडी बरोबर अक्षावर. मी एकटीच हसले. आई भांडी घासत होती, तिनं विचारलं, "काय गं?"

"जुळलं, माय."

"काय?"

"सगळंच."

पाठाच्या दिवशी उमेदवार तिघं होतो. एक मी. एक अध्यक्षांच्या धाकट्या मुलाची बायको, लातूरकडची, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. तिसरे बेंबळीचे एक गृहस्थ, केस पांढरे व्हायला लागलेले, हातात प्लास्टिकची फाइल. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. सूनबाई आत कार्यालयात पंख्याखाली होत्या.

"तुम्ही पाठाची तयारी केली का?" मी त्या गृहस्थांना विचारलं.

"मी कशाला करू?" ते म्हणाले. "मी सहीला आलोय."

"म्हणजे?"

"मुलाखतीला तीन माणसं दिसावी लागतात, ताई. एक घ्यायचं आणि दोन सह्या करायला. मी जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी केल्यात. नाश्ता बरा असतो." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

"मी इथंच शिकवते. सर मला ओळखतात."

"मग तर लई बरं," ते म्हणाले. "ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला सोपं जातं."

मला त्यांचा राग आला. ठिकठिकाणी नापास होऊन कडू झालेला माणूस आहे, असं मनात म्हणाले.

पाठ चांगला झाला. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, पण खरंच चांगला झाला. पोरांनी कासवाला घर काढायला लावलं, घराला दार काढलं, आणि दाराचे चारही कोपरे फळ्यावर आकड्यांत लिहून दाखवले. अध्यक्ष पहिल्या रांगेत, शेजारी मोठे सर, त्यांच्या शेजारी धाराशिवहून आलेले विषयतज्ज्ञ. ते मोबाइल बघत होते. आई ट्रे घेऊन चहा द्यायला आत आली. तिला कुणीतरी मुद्दामच त्या वेळी पाठवलं होतं की तशी वेळच होती, मला माहीत नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला होता आणि माझ्याकडं न बघता कप ठेवत होती.

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला आणि पडद्याकडं बोट केलं.

"खाली ते मोकळं का सोडलंय?"

मला आनंद झाला. पाठात कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं, आणि तो माझ्या आवडीचा प्रश्न होता. मी सगळं समजावून सांगितलं. वर पट्टी आली की मध्य कसा सरकतो, कासव कसं दीड घर चुकतं, आणि म्हणून खाली तेवढीच कोरी जागा ठेवून तोल कसा साधला. कागद दुमडूनही दाखवला.

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला. "म्हणजे वडिलांच्या फोटोमुळं चुकत होतं म्हणा की."

"फोटोमुळं नाही साहेब, उंचीमुळं."

"फोटो काढला तर चुकत नाही?"

"नाही."

"मग फोटोमुळंच."

मागून एका पोरानं फिसकन हसून तोंड दाबलं. मोठे सर पटकन म्हणाले, "तसं न्हाय साहेब. पोरगी आहे, बोलायला चुकली." आणि माझ्याकडं बघून, "बस आता खाली."

मग सूनबाईंना बोलावलं. त्यांनी तयारी आणलेली नव्हती. त्या उभ्या राहिल्या आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, "तयार आहे की समोर. त्याच्यावरच घ्या." मोठ्या सरांनी मला खुणेनं संगणकापाशी बसवलं. "तू दाबत जा, त्या बोलतील."

मी दाबत गेले. त्या पडद्यावर दिसेल ते वाचत गेल्या. "हे कासव आहे. हे वर गेलं." एकदा त्या अडखळल्या तेव्हा मी हळूच पुढचं वाक्य सांगितलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं म्हटलं. विषयतज्ज्ञांनी मोबाइल खिशात घातला आणि म्हणाले, "छान. आत्मविश्वास आहे." तेव्हाही मला वाटत होतं की घरचं माणूस म्हणून मला मदतीला बसवलंय. कुणाचं घर, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बेंबळीच्या गृहस्थांचा पाठ झालाच नाही. त्यांनी सही केली, पोह्यांची बशी संपवली आणि एसटी गाठायला निघाले. जाताना मला म्हणाले, "ताई, तुम्ही फार खरं बोललात. पाठात एवढं खरं बोलायचं नसतं." या वेळी ते हसत नव्हते.

दुपारी सरांनी मला कार्यालयात घेतलं. दार लोटलं. बराच वेळ टेबलावरची काच रुमालानं पुसत बसले.

"समितीचं मत पडलं की तुझ्यात विनय कमी आहे."

"सर?"

"संस्थापकांच्या फोटोचा अडथळा होतो, असं तू सगळ्यांसमोर बोललीस. तिथं विषयतज्ज्ञ होते. मी काय करणार?"

"पण सर, फोटो लावायला तुम्हीच—"

"मीच सांगितलं. लाव म्हणालो. अडथळा म्हण, असं म्हणालो का?"

खिडकीतून खिचडीची खोली दिसत होती.

"हे बघ पोरी," सरांचा आवाज मऊ झाला, "तू हुशार आहेस. हुशार माणसाला कुठंही काम मिळतं. त्या बिचारीला कोण देणार? तूच सांग." मग घड्याळ बघून म्हणाले, "जाता जाता आईला सांग, शिरा करायला. अध्यक्षांना थांबवून घेतलंय. तूप कपाटात आहे."

मी जाऊन सांगितलं. आईनं चुलीवरून मान वर केली. "झालं?"

"न्हाय झालं. शिरा करायला सांगितलाय."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग कढई घेतली. रवा भाजताना ती एकदाही थांबली नाही. वास अख्ख्या शाळेत गेला.

तासिका बंद झाली. मी धाराशिवला टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायला लागले, येऊन-जाऊन. सकाळची गाडी चुकली तर येरमाळ्याला वडापच्या जीपमध्ये मागं लटकून जायचं. काही आठवडे गेले. एका संध्याकाळी आई म्हणाली, "सरांनी बोलिवलंय तुला. त्ये कासव बिघडलंय."

"मी काय तिथं कामाला आहे?"

"दुरुस्त करून दे म्हनले."

"नव्या बाई आहेत की. मी न्हाय जाणार."

आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "खिचडीचं काम बचत गटाला द्यायचं चाललंय तिथं. सर म्हनले, बघू. तू न्हाय गेली तर त्येंनी काय बघायचं?" मग पुन्हा थापायला लागली. "तुला शिकीवलं, तवा असं वाटलं हुतं की आता मला कुनाच्या तोंडाकडं बघावं लागनार न्हाय. आता तुझ्यापायी जास्तच बघावं लागतंय."

आई मला आयुष्यात एवढं कठोर कधी बोलली नव्हती. आणि ती ओरडून बोलली नव्हती.

मी गेले. संगणकाच्या खोलीत नववीचा वर्ग बसलेला होता. पडद्यावर माझंच चित्र, पण बदललेलं. वर संस्थापक होतेच, त्यांच्या पट्टीखाली आता अध्यक्षांचीही तेवढीच पट्टी आली होती. खालची कोरी जागा अशुभ दिसते म्हणून कापून टाकली होती. डोक्यावर सहा घरं, पायाशी काही नाही. कासव तीन घरं वर सरकलं होतं. पूर्ण तीन. त्यामुळं ते बरोबर एका छेदावर उभं होतं आणि बघणाऱ्याला काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. पोरांनी वह्यांत शून्य-शून्यच्या जागी शून्य-तीन लिहून घेतलं होतं. सगळी वही तशी. चाचणीत बाहेरून आलेल्या प्रश्नपत्रिकेवर अख्खा वर्ग नापास झाला, तेव्हा कुठं बोंब झाली होती.

"मॅडम, तुम्ही परत आल्या?" पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

दारातून मोठे सर म्हणाले, "खाली बस. त्या दुरुस्तीला आल्यात."

मी संगणकापाशी बसले. खाली सहा घरं कोरी ठेवली तर चित्र पडद्याबाहेर जात होतं आणि संस्थापकांचा फेटा कापला जात होता. मी सरांना म्हटलं, "एक पट्टी काढू का?"

"कुणाची?" सरांनी विचारलं.

मी खालची सहा घरं कोरीच ठेवली. आणि आलेखच कापला. वरच्या तीन ओळी आणि खालच्या तीन ओळी काढून टाकल्या, म्हणजे दोन्ही फोटो मावले आणि कासव शून्यावर आलं. आता त्या पडद्यावर पोरांना बारा घरांच्या वर जाता येणार नव्हतं. नव्या बाई, म्हणजे अध्यक्षांच्या सूनबाई, शेजारी उभ्या होत्या. त्या वाईट नाहीत. "ताई, मला हे कळतच नव्हतं हो," त्या म्हणाल्या, "सांगा ना नीट." मी कागद दुमडून त्यांना सगळं सांगितलं. त्यांना दुसऱ्या वेळेला समजलं आणि त्या खूश झाल्या. त्यांनी लगेच वर्गाकडं वळून तेच सांगायला सुरुवात केली, आणि बरं सांगत होत्या.

पुढच्या बाकावरच्या त्याच मुलीनं मला विचारलं, "मॅडम, मग आमचे चाचणीचे मार्क?"

"आता तास माझाय," नव्या बाई हसून म्हणाल्या. "मला विचारायचं."

मुलगी त्यांच्याकडं वळली. पोरं लवकर शिकतात.

सर व्हरांड्यात भेटले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, बारावीच्या वेळी ठेवला होता तसाच. "असंच येत जा मधूनमधून. शाळा तुझीच आहे." मी वाकून पाया पडले. मला माहीत होतं मी काय करतेय, आणि तरी तो नमस्कार खोटा नव्हता.

भूक लागली होती. मी खिचडीच्या खोलीकडं गेले. पोरं रांगेत ताटं घेऊन उभी होती, आई पळीनं वाढत होती. मला बघून तिनं सवयीनं एक ताट ओढलं आणि त्यात वाढायला पळी उचलली. मग तिची नजर माझ्या मागं गेली. सर व्हरांड्यातून बघत होते. तिनं पळीतली खिचडी रांगेतल्या पोराच्या ताटात टाकली.

"हितं नगं थांबू," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "बाहेरच्या मानसाला परवानगी न्हाय. घरी जा."

मी बाजूला झाले. रांग पुढं सरकली.